चाळीसपर्यंत मोज

रोम,
१४ ऑक्टोबर १९५६

लाडक्या आर्जा,

तुझं पत्र पोचलं. आईचा खोकला उतारावर आहे हे वाचून जिवात जीव आला. माझी तब्येत उत्तम. खोली बदलली आहे. नवी घरमालकीण गरम पाणी फक्त शनिवारी देते, पण मनानं वाईट नाही. आपल्याकडे आता वाम मासे धरून भाजायला सुरुवात झाली असेल. तुझ्या हातांना भट्टीच्या सळयांचे चटके बसत असतील. तू तरुण आहेस, सोसशील, पण यंदा आईला भट्टीपुढे बसू देऊ नकोस. मुकादमीणबाईंना माझं नाव सांग हवं तर. तेवढी तरी माझ्या नावाची पत आता असेल.

पण बाई, तू हे काय करून बसलीस? फादर उबाल्दोंच्या हॉलमध्ये माझा चित्रपट बघताना सगळं कोमाक्कियो गाव रुमाल भिजवत असताना तू एकटी खो खो हसलीस? आईनं मांडीला चिमटा काढला तरी थांबली नाहीस? फादरांनी रविवारी प्रवचनात तुझं नाव न घेता तुला धुतलं, हे मला बेकरीवाल्या दिर्चेनं कळवलं. तू कळवलं नाहीस.

तर खुलासा ऐक. म्हणजे वाच. इथे चित्रीकरणाच्या वेळी आवाज घेतच नाहीत. आम्ही नुसते ओठ हलवतो, आणि मागाहून दुसरंच कुणी तरी खोलीत बसून त्यावर आवाज चढवतं. माझं आपल्याकडचं बोलणं ऐकून दिग्दर्शकांनी पहिल्याच दिवशी कपाळ धरलं. म्हणाले, “पोरी, तू तोंड उघडलंस की मासळीबाजार भरतो. तू आपली आकडे मोज.” म्हणून मी आकडे मोजते. दुःख असेल तर सावकाश, राग असेल तर भरभर. लांब प्रसंग असला की ते ओरडतात, “चाळीसपर्यंत मोज.”

तेव्हा त्या नावाड्याच्या गळ्यात पडून मी “सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस” म्हणाले, हे तू अगदी बरोबर वाचलंस. गावाला ऐकू गेलं, “तुझ्यावाचून मी जगणार नाही.” तो आवाज मिलानच्या एका बाईंचा. त्यांना तीन मुलं आहेत आणि सारख्या मधाच्या गोळ्या चघळत असतात. बॉम्ब पडून तुझे कान गेले त्या दिवसापासून आमच्या घरात तुझ्यापुढे कुणाचं खोटं टिकलेलं नाही. ओठ हलले की तू पकडलंसच. आता पडद्यावरसुद्धा सुटका नाही म्हणायची.

फोटोंच्या चित्रकथांच्या मासिकाचं कामही चालू आहे. तिथे तर ओठही हलवायचे नसतात. तोंड मिटून उभं राहायचं, शब्द मागाहून डोक्यावर चिकटवतात.

आणखी एक. मागच्या चार दाढा काढल्या. किडल्या नव्हत्या. गाल आत गेले की फोटोत चेहरा उठतो, असं एजन्सीच्या बाईंचं म्हणणं. आता पाव दुधात भिजवून खाते, पण ठणका गेलाय. आईला सांगू नकोस. नावही बदललंय, वेरा मोंती. कुणी वेरा म्हणून हाक मारली की मी अजून दुसऱ्या कुणासाठी तरी बाजूला सरकते.

तुझी (ती वेरा नव्हे)
नीवेस


रोम,
१२ फेब्रुवारी १९५७

प्रिय आर्जा,

मुखपृष्ठ पाहिलंस ना? तो फर कोट माझा नाही, तासाभरात परत घेतला. आई खूश झाली, अंक उशाशी घेऊन झोपते, हे वाचून मला फार बरं वाटलं, आणि लगेच बरं वाटेनासं झालं. आतल्या पानावर काय छापलंय ते तू वाचलं असशीलच. तू त्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाहीस, म्हणून मलाच लिहावं लागतंय.

ते मी सांगितलेलं नाही. जाहिरातीचं काम बघणारे स्पादोनी म्हणून आहेत. टाय बांधतात म्हणून सगळे त्यांना डॉक्टर म्हणतात. ते वही उघडून समोर बसले.

“वडील?”

“युद्धात गेले.”

“छान. आई?”

“वाम भाजते. कारखान्यात.”

त्यांनी लेखणी खाली ठेवली. “आणि हे मी कोट घातलेल्या फोटोखाली छापू? दोघंही युद्धात गेले असं करू. बघ, एका ओळीत काम झालं.”

मी म्हटलं, “अहो, माझी आई जिवंत आहे.”

“असू दे की. तिच्या जगण्याला माझी कुठे हरकत आहे? मी फक्त छापतोय.”

खोलीतले सगळे हसले. आर्जा, मीही हसले. मग दाढांच्या जागी जीभ फिरवत राहिले. एवढ्यावर माझं काम थांबलं तर माझ्यासारख्या आणखी दहा जणी जिन्यात उभ्या होत्या, हे मला दारातून दिसत होतं.

आईला वाचता येत नाही हे एका परीनं बरंच झालं. पण कुणी तिला वाचून दाखवलं नाही ना? दिर्चेला आधीच गप्प कर. नव्या चित्रपटात मला मोठं काम मिळतंय, दुसऱ्या नंबरचं. एकदा नाव झालं की मी स्वतः खरं काय ते छापून आणीन, आईला इथे बोलावून तिच्यासकट फोटो काढवीन.

परवा केस धुणारीनं शेवटी व्हिनेगरचं पाणी ओतलं, चमक येते म्हणून. आपली भाजलेली वाम व्हिनेगरमध्येच मुरवतात, त्या वासानं मला इतकं घरच्यासारखं झालं की मी ओल्या केसांनी खुर्चीतून उठून बाहेर आले. खोकल्याचं कळव. औषध चालू ठेव.

तुझी
नीवेस


रोम,
८ एप्रिल १९५७

प्रिय आर्जा,

काय लिहावं ते सुचत नाही. दहा दिवस झाले, रोज कागद घेऊन बसते.

तार मला शनिवारी मिळाली. आम्ही सगळे चित्रीकरणासाठी समुद्राकडे गेलो होतो, आणि घरमालकिणीनं ती कपाटावर ठेवली आणि विसरली. तिचं वय झालंय. शिवाय कचेरीतही एक प्रत आली होती म्हणे, तीही कुणी पोचवली नाही. मिळाली तेव्हा सगळं आटपलं होतं. वेळेवर मिळाली असती तर उभ्या पावली निघाले असते हे तुला वेगळं सांगायला नको.

फुलांचं चक्र पोचलं का? फितीवर नाव घालू का असं दुकानदारानं विचारलं. मी नको म्हटलं.

इथे काळे कपडे घालता येत नाहीत. का ते तुला ठाऊक आहे. जिची आई चौदा वर्षांपूर्वी गेली तिनं आज काळं घालून कसं फिरायचं? आतून काळी फीत शिवून घेतली आहे, कुणाला दिसत नाही.

शेवटचे दोन दिवस आईचा आवाज गेला होता, नुसते ओठ हलत होते, फादर म्हणाले की जपमाळ चालू आहे, एवढंच तू लिहिलंस. पण तू तर तिच्या उशाशी होतीस. तिथे बसलेल्यांत ते ओठ वाचणारी तू एकटीच. ती काय म्हणत होती? माझं नाव घेतलं का? एवढं कळव. रागावलेली असशील तर रागावून कळव, पण कळव.

तुझी
नीवेस


रोम,
२० नोव्हेंबर १९५७

प्रिय आर्जा,

तू आता दोन ओळींचीच पत्रं लिहितेस. हात भाजलेत म्हणतेस, असतीलही. मी विचारलं होतं त्याचं उत्तर अजून आलेलं नाही, तरी मी पुन्हा विचारत नाही.

चित्रपट इथे फार चालला. मी रस्त्यानं गेले की लोक वळून बघतात. स्पादोनींनी मला हाताला धरून खुर्चीवर बसवलं, यापूर्वी कधी बसवलं नव्हतं. सगळे एकाच प्रसंगाबद्दल बोलतात. मरणाऱ्या आईच्या पलंगाशी मी बसले आहे आणि कॅमेरा माझ्या तोंडाशी येऊन थांबतो, तो प्रसंग. आई झालेल्या बाई फार हसऱ्या होत्या. मधल्या सुट्टीत त्याच पलंगावर बसून त्यांनी भाकरीएवढा हॅमचा पाव खाल्ला. पण प्रसंग संपल्यावर दिवे धरणारी माणसंसुद्धा नाक ओढत होती. दिग्दर्शक मला म्हणाले, “तू आज काय मोजलंस गं? रोज असंच मोजत जा.”

दिर्चे लिहिते की फादर उबाल्दो हा चित्रपट डिसेंबरातल्या मरियेच्या सणाला हॉलमध्ये लावणार आहेत. चर्चच्या दारावरच्या यादीत त्याला चांगला शेरा मिळालाय. चुंबनं ते नेहमीप्रमाणे कात्रीनं कापतील, पण पलंगाचा प्रसंग ठेवणार, कारण तो मुलांना आईबापांचा मान ठेवायला शिकवतो.

आर्जा, तू जाऊ नकोस. मी तिथेही आकडेच मोजतेय, दुसरं काही नाही. तुला पुन्हा हसू येईल, आणि आईला जाऊन वर्षही झालेलं नसताना आईच्या मरणाला हसलेली तू लोकांना दिसशील. गाव तुला पुन्हा जवळ करणार नाही. मी तुझ्यासाठी सांगतेय. एवढं माझं ऐक. मी तुझ्याकडे आजवर फार काही मागितलेलं नाही.

गेलीसच, तर पलंग दिसला की डोळे मिटून घे. तुला काय, डोळे मिटले की सगळंच बंद.

तुझी
नीवेस


कोमाक्कियो,
९ डिसेंबर १९५७

नीवेस,

हात बरे आहेत. हंगाम चांगला चालू आहे. दिर्चेची मोठी मुलगी भट्टीवर लागली.

चित्रपट पाहिला. शनिवारी एकदा, काल सणाचे दोन खेळ. डोळे मिटले नाहीत. हसलेही नाही.

शनिवारी मला वाटलं, चार दाढा गेल्यामुळे तुझं तोंड वेगळं हलतंय आणि मी चुकीचं वाचतेय. दाढांचं तू मला सांगितलंस ते बरं केलंस. म्हणून दुसऱ्यांदा गेले. तिसऱ्यांदा गेले ते नुसती तुला बघायला. हॉलमधल्यांना काय ऐकू आलं ते मी दिर्चेला विचारलं. ती म्हणाली, “आई, मला क्षमा कर, मी तुझ्याजवळच आहे, असं बरंच काही म्हणते गं ती.” आणि पुन्हा रडायला लागली.

तू आकडे मोजले नाहीस. तू आपल्या बोलीत बोललीस, आणि हे म्हणालीस: “आई, तार मंगळवारी दुपारीच आली. माझ्या खिशात आहे. ते म्हणाले, तुझी आई तर कधीच मेली आहे, तू कुणाच्या मातीला जाणार? मी राहिले. मला भीती वाटली. मला तुझी लाज वाटली.” मग मान खाली घातलीस आणि पुढचं मला दिसलं नाही. दिर्चेनं ऐकलेलं खोटं आणि मी पाहिलेलं खरं, दोन्हींची लांबी सारखीच होती. तुमच्याकडची माणसं कामात हुशार आहेत.

तुला वाटलं असेल, तिथे कुणाला कळणार नाही. की मला कळावं म्हणूनच बोललीस? मी रात्रभर याचाच विचार केला. तू लहान असताना अंधारात रडायचीस आणि माझा हात ओढून आपल्या ओठांवर ठेवायचीस, मला कळावं म्हणून. पण मग जाऊ नकोस असं तू का लिहिलंस, ते मला उमगत नाही. बहुतेक तुलाही उमगत नसेल.

मासिकाचं तू विचारलं होतंस. आईनं मलाच वाचायला सांगितलं. मी पान समोर धरलं आणि वाचलं की वेरा मोंती म्हणते, माझ्या आईसारखी वाम अख्ख्या इटलीत कुणी भाजत नाही आणि मी तिला लवकरच रोमला नेणार आहे. तिनं ते माझ्याकडून किती वेळा वाचून घेतलं ते मी मोजलं नाही. दर वेळी शब्द तेच ठेवावे लागत, म्हणून मी ते पाठ केले होते. म्हणजे तो आवाज मीच चढवला. त्याबद्दल तू माझे आभार मानू नकोस, मी ते तुझ्यासाठी केलेलं नाही.

आता दुसरं. ती काय म्हणत होती ते मी एप्रिलात कळवलं नाही, कारण तार तुला उशिरा मिळाली यावर माझा तेव्हा विश्वास होता. जिला तार वेळेवर मिळालीच नाही तिला हे सांगणं बरोबर नव्हतं. आता सांगायला हरकत नाही.

ती जपमाळ नव्हती. फादरांना वाटलं, आणि मी वाटू दिलं. मंगळवारी सकाळी तार केली तेव्हा तिला आवाज होता. म्हणाली, “नीवेस आता येईल. फेराराची बस किती वाजता येते?” मी म्हटलं, अकराला आणि संध्याकाळी सहाला. पलंगावरून तिला चौकातल्या बसचा भोंगा ऐकू यायचा. मला यायचा नाही, म्हणून ती माझा हात दाबायची, मी दारापर्यंत जाऊन बघून यायची आणि मान हलवायची. तू तिला सांगून ठेवलं होतंस ना, की काही बोलायचं नसलं की तू आकडे मोजतेस? आवाज गेल्यावर तीही तेच करू लागली, दर बसला एक आकडा.

मंगळवारी संध्याकाळची एक. बुधवारी दोन आणि तीन. रातोरात निघाली असतीस तर त्या दुसऱ्या बसनं तू आली असतीस, मी वेळापत्रक पाहिलं आहे. गुरुवारी चार, पाच. त्या गुरुवारीच तुम्ही तो प्रसंग घेतलात, असं मासिकात आलंय. शुक्रवारी सकाळी तिनं हात दाबला नाही, पण ओठ हलले. सहा. त्यानंतर दुपारी चार वाजता गेली.

संध्याकाळची बस मीच मोजली. चौकात जाऊन उभी राहिले, सगळे उतरेपर्यंत थांबले.

सात.

आर्जा