ओळखीचं कोणी

१२ नोव्हेंबर

ती. ताईस,

नमस्कार. मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, पण शिडीवर चढलो की गप्प बसतो. भाओजींचा खोकला थांबला का?

गेल्या आठवड्यात मला पोलिसाने हटकलं. घाबरू नकोस, तुझ्या भावाने नवे दिवे लावलेले नाहीत. दिवेलागणीला एका गल्लीत उभा होतो, तळमजल्याच्या एका खिडकीकडे बघत. हवालदार वयाने कोवळा, आवाज मात्र कमावलेला.

"काका, काय बघताय?"

"भिंत. रंगारी आहे मी."

"कालही बघत होतात. परवाही."

मला राग आला. म्हटलं, "उभं राहायचीही चोरी झाली का?"

तो शांतपणे म्हणाला, "नुसत्या उभ्या माणसाला मी विचारत नाही. कपडे बघून तर नाहीच. पण तुम्ही रोज त्या दारापर्यंत जाता, बेलकडे हात नेता आणि मागे फिरता. म्हणून विचारलं. इथे ओळखीचं कोणी आहे का?"

"नाही," मी म्हणालो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

गल्ली तुझीच होती, ताई. खिडकी आईच्या खोलीची.

आई गेल्यावर तिची खोली रंगवायची ठरली, तेव्हा ती भिंतीला डोकं टेकून बसायची तिथला तेलाचा डाग तुला नको होता. त्यावर माझा ब्रश फिरणार नाही, असं मी म्हणालो. तू दुसरा रंगारी बोलावलास आणि मी यायचं सोडलं. रंगाचा असा बेरंग आपणच करावा. गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी सहज तिकडून जाताना आत दिवा दिसला. सगळी खोली फिकट निळी, पाण्याखाली असल्यासारखी, आणि मधे डोक्याएवढा पिवळट गोल. दिव्याची तिरीप असेल म्हणून दुसऱ्या दिवशी आलो, मग तिसऱ्या.

"तुमची नजर तरणी आहे," मी हवालदाराला म्हटलं, "त्या भिंतीवर डाग दिसतो का?"

त्याने टोपी मागे सारून बराच वेळ पाहिलं. तेवढा वेळ आम्ही दोघंही संशयित होतो.

"दिसतो की. कुणीतरी मुद्दाम तेवढी जागा सोडून रंग दिलाय, काका."

घरी कसा आलो ते आठवत नाही.

रविवारी संध्याकाळी येतो. हात बेलपाशी अडलाच, तर खिडकीतून तूच हटक. इथे ओळखीचं कोणी आहे का, एवढंच विचार. या खेपेला खोटं सांगणार नाही.

तुझा,
ओळखीचा