डावीकडचा आरसा

मल्हारभावजी,

नाइटवरून आलात की आधी चहा करून घ्या, भाकरी दुरडीत झाकली आहे. चिऊ उठायच्या आत लिहितेय.

त्या दिवशी न्हावरा रोडला दूधवाल्या हौसरावमामांची मोटारसायकल तुम्हाला दिसली नाही, कारण डावीकडचा आरसा मी फिरवला होता. आदल्या दुपारी तुमच्याकडून गाडी शिकताना चिऊ मागच्या सीटवर झोपली होती. तिचं तोंड दिसावं म्हणून आरसा आत वळवला आन् तसाच विसरले. मामांच्या गुडघ्याला सहा टाके पडले. आबा ओट्यावर चारचौघांत तुम्हाला म्हणाले, "डोळं हायती का भोकं?" आन् किल्ली काढून घेतली. मी आत पीठ मळत राहिले. मला बोलणी बसू नयेत म्हणून तुम्हीही गप्प बसलात. आठ दिवस कंपनीच्या बसनं जाताय.

काल सीटवरची माझी उशी काढून, तुमच्या उंचीच्या अंदाजानं आरसे लावलेत. डावीकडचा तुम्ही शिकवलं तसंच, डोकं मध्ये झुकवून, गाडीची कड जेमतेम दिसेल इतका बाहेर. गाडी उघडीच ठेवलीय, बसून एकदा बघा.

आबा दौंडला आत्याबाईंकडं आहेत. चिऊला घेऊन पहिल्या एसटीनं तिकडंच निघालेय. ते तुम्हाला चारचौघांत बोलले, तर खरंही चारचौघांतच सांगते. फोन करून अडवू नका. माझं शिकणं बंद झालं तरी चालेल.

किल्ली आबांनी टांगली त्या खिळ्यावरच आहे, पण तुम्ही काढू नका. आबांनीच ती तुमच्या हातात द्यायची आहे.

वहिनी