चौसष्ट मीटर

१७ एप्रिल, मंगळवार

प्रिय दादा,

नमस्कार. तू बरा असशील आणि वहिनीची पाठदुखी कमी झाली असेल, असं धरून चालतो. आमच्याकडे सगळे ठीक. धाकटीचे पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळे तिला शिट्टी वाजवता येत नाही आणि त्याचा राग ती माझ्यावर काढते. तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहायला बसलोय. शाळा सुटल्यापासून एवढं लांबलचक काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षर सांभाळून घे.

संघाचं तुला पेपरातून कळत असेलच. खालून तिसरे आहोत. शनिवारी मोसमातला शेवटचा सामना, आपल्याच मैदानावर. हरलो तर खालच्या विभागात, बरोबरी केली तरी वाचलो. इतकं सोपं गणित आहे. पण तू प्रशिक्षकपद सोडून गेल्यापासून घरच्या मैदानावर सात सामने झाले, त्यातले सहा आम्ही हरलोय. बाहेर मात्र चार जिंकले. परक्या मैदानावर वाघ आणि घरी शेळी, असं पेपरवाल्यानं छापलं.

तुला माहीतच आहे, तुझा सहायक होतो तो तुझ्या जागी आल्या आल्या मी खेळ बदलला. दोन्ही कडांनी धावायचं, मधून लांब तिरके पास टाकायचे. सरावात ते इतकं देखणं दिसायचं की सरावाला येणारा डॉक्टरसुद्धा टाळ्या वाजवायचा. आणि घरच्या सामन्यात तेच पास रेषेबाहेर. एकदा मी मोजले, एका सामन्यात सतरा. मला वाटलं, आपल्याच लोकांपुढे पोरांचे पाय कापतात. मी बूट बदलले. गवत आखूड केलं. मनाचे डॉक्टर आणले, त्यांनी सगळ्यांना डोळे मिटून श्वास घ्यायला लावलं. आता वाटतं, डोळे मिटून मारले असते तरी तेवढेच बाहेर गेले असते.

काल सकाळी लवकर गेलो होतो. माळीकाका रेषांवर पांढरा रंग मारत होते. दोरी ताणलेली, डोक्याला तोच फडका. मी सहज बाजूच्या रेषेवरून चालायला लागलो, तर रेषेच्या बाहेर, साधारण दोन मीटरवर, गवतात एक फिकट पट्टा दिसला. नीट बघितलं तर जुनी रेषा. समोरच्या बाजूलाही तसाच.

मी काकांना विचारलं, हे काय?

ते म्हणाले, "काय म्हणजे? गेल्या उन्हाळ्यात आत घेतलं ना. दोन इकडून, दोन तिकडून. अडुसष्टचं चौसष्ट. दादांनी सांगितलं होतं."

"मला कुणी सांगितलं नाही."

"अहो, सख्खा भाऊ. मला वाटलं, घरी बोलणं झालं असेल."

दादा, मी ती रुंदी पावलांनी मोजून बघितली. सरावाचं मैदान अडुसष्ट. बाहेरची मैदानं अडुसष्ट. मी सहा महिने पोरांना अडुसष्टचे पास शिकवले आणि चौसष्टवर खेळवले, आणि वर त्यांनाच भेकड म्हणालो. कार्यालयात मोसमाच्या सुरुवातीचा कागद आहे, त्यावर रुंदी लिहिली आहे, खाली तुझी सही आहे. मी तो उघडलाच नव्हता. जानेवारीत पाहुण्या संघाचे प्रशिक्षक हात मिळवताना हसून म्हणाले होते, "मैदान छान ठेवलंय तुम्ही." मला वाटलं, गवताचं कौतुक चाललंय. मी आभारसुद्धा मानले.

मग मी काकांना विचारलं, पण का? नियमात बसतं हे खरं, पण आपलं मैदान कुणी उगाच लहान करतं का? काकांनी ब्रश डब्यात टाकला आणि आजूबाजूला कुणी नाही ना ते बघितलं. मग म्हणाले, तुम्ही भाऊ आहात म्हणून सांगतो.

गोगलगाय आपला. चौतीस वर्षांचा लेफ्ट बॅक, डाव्या कडेचा बचावपटू, ज्याला अख्खा संघ हळू म्हणून चिडवतो. त्याच्या गुडघ्याचं दुखणं मला कालपर्यंत ठाऊक नव्हतं. काका सांगत होते, तू सगळा उन्हाळा, कुणी यायच्या आत, त्याला घेऊन मैदानात उभा असायचास. तुझ्या हातात घड्याळ, काकांच्या हातात दोरी. तो आडवा धावायचा आणि तू त्याच्या पायाकडे न बघता तोंडाकडे बघत राहायचास. अकरा पावलं नीट जायची. बाराव्याला त्याचं तोंड वाकडं व्हायचं. तसं दहा दिवस बघितलंस आणि काकांना म्हणालास, "रेषा आत घ्या, म्हणजे त्याला बारावं पाऊल लागणार नाही. याच्यासारखे डोळे दुसऱ्या कुणाला नाहीत. त्याला बदलण्यापेक्षा मैदान बदलू."

मी वीस वर्षं फुटबॉलमध्ये आहे. डावपेचांची पुस्तकं वाचली, बाहेर जाऊन प्रशिक्षणाची परीक्षा दिली, भिंतीवर बाण काढून काढून फळा झिजवला. पण एका माणसाच्या तोंडावरची वेदना मोजून कुणी मैदान आखतं, हे मी ना ऐकलंय ना वाचलंय. काल दिवसभर मी थक्क होऊन फिरत होतो. बायकोनं दोनदा विचारलं, ताप आहे का.

आता पुढचं लिहायचं टाळत होतो, पण ते लिहिल्याशिवाय हे पत्र खोटं ठरेल. ऑक्टोबरात संचालकांनी आपल्या दोघांना बोलावलं होतं, आठवतं ना? तुझे घरचे चारही सामने न हरता झाले होते, पण गोल जेमतेम एक. अध्यक्षांनी विचारलं, खेळ इतका बंद का? तू गप्प बसलास. तेव्हा मी म्हणालो, "दादा घाबरतो." दोनच शब्द. तू माझ्याकडे एकदा बघितलंस आणि टेबलावरची टोपी उचलून निघून गेलास, आणि तुझी जागा मला मिळाली. मी तेव्हा स्वतःला समजावलं की संघाच्या भल्यासाठी खरं बोललो.

तुझ्याकडे उत्तर होतं. गुडघ्याचं सांगितलं असतंस, मैदानाचं सांगितलं असतंस, तर तुझी जागा वाचली असती आणि त्याचा करार त्याच दिवशी फाटला असता. तू मूग गिळून बसलास. आणि मी नवा बॉस झाल्यावर दुसऱ्याच सामन्यानंतर त्याला सगळ्यांदेखत म्हणालो, तुझ्यापेक्षा कॉर्नरचं निशाण जास्त हलतं. सगळे हसले. तोही हसला. तेव्हापासून तो बाकावर आहे.

शनिवारी तुझा खेळ खेळवायचं ठरवलंय, गोगलगाईला घेऊन. पण एक कोडं सुटत नाही. तो पुढे आल्यावर त्याच्या पाठीमागची जागा तू कुणाकडे द्यायचास? जुनी चित्रणं बघितली, तिथे कुणीच दिसत नाही. एवढं एकच कळव. दोन ओळी पुरेत. रागावून लिहिल्यास तरी चालेल.

तुझा
धाकटा


२२ एप्रिल, रविवार

प्रिय दादा,

तुझं उत्तर आलं नाही. यावं अशी माझी लायकीही नव्हती. पण काल काय झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

शुक्रवारपर्यंत वाट बघितली आणि मग सरावानंतर गोगलगाईशेजारी जाऊन बसलो. तो गुडघ्यावर बर्फ धरून होता. मला बघून टॉवेल ओढायला लागला. मी म्हटलं, राहू दे, मला माहीत आहे, आणि ते माझ्यापाशीच राहील. कॉर्नरच्या निशाणाबद्दल माफीही मागितली. मग विचारलं, तुझ्या मागे कोण असतं?

तो म्हणाला, "कुणीच नाही. रेषा असते ना. मी चेंडू घेऊन येणाऱ्याला आतून अडवतो, तो बाहेरून जातो, आणि बाहेर जागाच नाही."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"दादा विचारायचे," तो म्हणाला. "तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

मी त्याचा बर्फ बदलून दिला.

दादा, काल मी पहिल्यांदा तुझा खेळ बघितला. दोन वर्षं तुझ्या शेजारी बसून जो दिसला नव्हता तो. त्यांचा उजव्या कडेनं धावणारा विंगर या विभागातला सगळ्यात वेगवान पोरगा आहे. तो सुटला की लोक उभे राहतात. पहिल्यांदा तो चेंडू घेऊन आला, गोगलगाय चारच पावलं सरकला आणि थांबला. पोरानं बाहेरून काढायला बघितलं आणि चेंडूसकट रेषेबाहेर गेला. पंचांकडे बघून त्यानं हात पसरले. पुढच्या वेळी पुन्हा तेच. मी पावलं मोजत होतो. सात, पाच, नऊ. एकदा अकरा झाली, पण बाराव्याची वेळच आली नाही, कारण चेंडू कुठे येणार ते त्याला पोराच्याही आधी कळलेलं होतं. मध्यंतरापर्यंत त्या पोरानं रेषेकडे बघून बघून धावणंच कमी केलं. माझ्या शेजारी डॉक्टर पुटपुटला, "हा म्हातारा करतो तरी काय?" मी पुढची पावलं मोजायला लागलो.

शून्य-शून्य. वाचलो. लोकांनी अर्धा तास मैदान सोडलं नाही.

त्यानंतर अध्यक्षांनी वर बोलावलं. त्याच खोलीत, त्याच टेबलाशी. दोन वर्षांचा करार पुढे सरकवला आणि म्हणाले, शेवटच्या सामन्यात एवढा बदल करायचा म्हणजे छाती लागते, डोकं कुणाचं? 'माझं' एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. मी म्हणालो, दादाचं. मैदानापासून सगळं त्याचं. गुडघ्याचं नाव काढलं नाही.

ते म्हणाले, "मग तो घाबरतो असं तुम्ही का म्हणालात?"

मंगळवारच्या पत्रात मी तुला लिहिलं की संघाच्या भल्यासाठी बोललो असं स्वतःला समजावलं. तेही अर्धवटच होतं. काल तिथे पहिल्यांदा नीट बोललो. म्हणालो, मला त्याची खुर्ची हवी होती. लहानपणापासून सगळे मला अमक्याचा भाऊ म्हणतात, आणि तो निवृत्त व्हायच्या आधी एकदा तरी मला पुढे बसायचं होतं.

करार तसाच पडून राहिला. मग अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "त्यांना परत बोलवावं असं आम्हाला वाटलं, तरी आमची विचारायची हिंमत नाही. तुम्हीच विचारा." म्हणजे ज्यानं घालवलं त्यानंच बोलवायचं. शिक्षा म्हणून हे बरोबर आहे.

तेव्हा विचारतो. येशील का? मी संघात राहावं की नाही, तेही तूच ठरव. राहू नको म्हणालास तर वाद घालणार नाही. पण आलास, तर पुढच्या उन्हाळ्यात दोरीचं दुसरं टोक धरायला मला उभा कर. तू कुणाच्या तोंडाकडे कसं बघतोस, ते मला जवळून बघायचंय.

तुझ्याबद्दल खोटं बोललेला,
तुझा भाऊ