डावी कड

बुधवार, संध्याकाळ

काल लिहिलं ते चुकलं. फोटोच्या प्रिंटची डावी कड काळी पडते ती बाबांच्या एन्लार्जरमुळे, फोटो मोठे करायच्या यंत्रामुळे, नाही. आज त्याचा दिवा न लावताच कोरा फोटोपेपर त्याच्याखाली ठेवला आणि रसायनात धुतला, तरी डावी कड काळवंडलीच. डावीकडे डार्करूमच्या दाराची फट आहे आणि पलीकडे आईची समई; तिचाच उजेड आत येऊन कागद काळा करतो. कोऱ्या कागदाची ही परीक्षा बाबांनीच शिकवलेली, आणि मी ती न करताच त्यांच्या एन्लार्जरला दोष दिला. ते ऐकून "माझ्यासारखाच म्हातारा झाला गं," म्हणत त्यांनी अंबरपेठच्या भंगारवाल्याला शनिवारी बोलावलंय. समई जरा सरकवू का, विचारलं तर आई म्हणाली, "तुमच्या अंधारापायी देव अंधारात? नक्को!" खरं सांगितलं तर घरात भांडण, गप्प बसले तर एन्लार्जर जाणार. उद्या आईचा उपास आहे, त्या दिवशी भांडण नको. शुक्रवारी सकाळी कोऱ्या कागदाची ती काळी कड बाबांच्या हातात देणार.