तुमच्या पाइपातलं कीट

सर, काल तुमचा तंबाखू ओढायचा पाइप धुतला. तुम्ही शिकवलं होतं तसाच, नीट. शाळेत विज्ञानाच्या नवीन बाई आल्यात, त्या प्रयोगशाळेत जुन्या वस्तूंचं कपाट मांडायल्या आहेत. तुमची ही आठवण माझ्या घरी असल्याचं त्यांना कुणी सांगितलं देव जाणे. मुख्याध्यापकांनी मात्र अट घातली. शाळेच्या आवारात तंबाखूला बंदी, तेव्हा नळीत कीट कणभरही दिसायला नको, आणि तिला पाइप म्हणायचंही नाही. कार्डावर लिहायचं, ‘काच फुंकण्याचा नमुना’. त्याखाली ‘बनवणारा’ आणि पुढं नाव. माझं अक्षर चांगलं म्हणून कार्ड मीच लिहावं असं बाईंचं म्हणणं पडलं. दोन दिवस ते कार्ड माझ्यासमोर होतं आणि नावाची जागा कोरी होती.

कीट कसलं सर, डांबरच झालं होतं. तुम्ही गेल्यापासून मी ते जसंच्या तसं ठेवलं होतं. आमच्या हिला वाटतं की जगातला प्रत्येक डाग स्वयंपाकघरातल्या वस्तूंनी निघतो. आधी तिनं पाइप चिंचेच्या कोळात घातला. मग कोमट पाण्यात सोडा टाकून बघितला. मग लिंबू. कीट काही हललं नाही, पण घरात असा वास सुटला की शेजारीण दोनदा येऊन काय करपलं म्हणून विचारून गेली. शेवटी मी स्पिरिट आणलं, खडेमीठ घेतलं आणि हिला बाजूला बसवलं. नळीत मीठ, वरून स्पिरिट, दोन्ही तोंडाला बूच, अर्धा तास मुरू द्यायचं आणि मग खळखळ हलवायचं. मीठ स्पिरिटात विरघळत नाही, म्हणून ते घासतं. पाण्यात टाकलं तर मीठ जातं आणि कीट राहतं. हे तुम्ही मला पहिल्या शनिवारी सांगितलं होतं. बारावीला रसायनशास्त्रात नापास झालेल्या माणसाला रसायनशास्त्र पहिल्यांदा कळलं ते तिथं. तारेनं खरवडायचं नाही, ओरखडा पडला की काच तिथूनच जाते. आणि सगळ्यात आधी पाइप पूर्ण गार होऊ द्यायचा. “गरम काच आणि गार काच दिसायला एकच असते, गाढवा,” तुम्ही म्हणाला होतात. “थांबायला शीक.”

मी थांबायला शिकलो नाही, तिथंच सगळं बिघडलं. तेव्हा मी सेलूच्या आपल्या शाळेत तुमच्या हाताखाली प्रयोगशाळेचा परिचर होतो, तोही हंगामी. शनिवारी अर्धी शाळा सुटली की तुम्ही सामानाच्या खोलीमागं जाऊन पाइप ओढायचात आणि मग तो धुवायला माझ्या हातात द्यायचात. तो तुम्ही स्वतः काचेची नळी तापवून, फुंकून बनवला होता, हे शाळेतल्या सगळ्यांना माहीत होतं, कारण तुम्ही ते दूधवाल्यालाही सांगितलं होतं. त्याच्या तंबाखू भरायच्या फुग्याला एका बाजूनं चांगलाच पोक होता. कुणी त्याकडं बघितलं की तुम्ही म्हणायचात, तो अंगठा टेकायला मुद्दाम ठेवलाय.

त्या शनिवारी माझी दोन कामं एकदम आली होती. मला कायम करायची फाइल कार्यालयात पडून होती आणि सोमवारी तिच्यावर तुमचा शेरा पडणार होता. आणि दुपारी दोनच्या एसटीनं मला गावाकडं, बोरीला जायचं होतं, वडिलांनी मुलगी बघायचं ठरवलं होतं. तुम्ही पाइप देऊन जेवायला गेलात. मी बाहेरून हात लावला, कोमट लागला. म्हटलं, चालतंय. नळाखाली धरला आणि टिचकन आवाज झाला. हातात दोन तुकडे. सर, पुढं माझी सासू मेली तेव्हाही मी एवढा हबकलो नाही. काचसामान सांभाळायच्या नोकरीवर कायम व्हायला निघालेला माणूस, आणि साहेबांचीच काच फोडून बसलेला.

बोरीची गाडी गेली. मी फुटक्या काचेच्या पेटीतून जाड नळीचे तीन तुकडे उचलले आणि माझ्या ओळखीच्या एका सोनाराकडं गेलो, त्याच्याकडं फुंकणी होती, जाळ कडक मिळायचा. पहिला तुकडा फुगला आणि फुटला. दुसऱ्याला भोक एवढं मोठं पडलं की त्यातून सुपारी गेली असती. तिसऱ्याला मी श्वास कसा सोडला ते मलाही सांगता येणार नाही, पण फुगा गोल आला. तो एकदम गार होऊन तडकू नये म्हणून गोवऱ्यांच्या गरम राखेत पुरून ठेवला आणि रविवारी संध्याकाळी बाहेर काढला. तिकडं बोरीत वडिलांनी एकट्यानंच मुलगी बघून सुपारी फोडली. ही मला अजून म्हणते, “माझ्यापेक्षा तुमाला चिलीम जास्त प्यारी हुती.”

सोमवारी पाइप तुमच्या टेबलावर ठेवला. नवी काच लखलखत होती, त्याला इलाज नव्हता. तुम्ही अंगठ्यानं फुगा चाचपला. पोक नव्हता. मी मनातल्या मनात बोरीच्या शेतावर परतलो सुद्धा.

“आत्ता कळलं,” तुम्ही म्हणालात. “कीट साचून वाकडा दिसायचा. मुळात केवढा सरळ बनवला होता मी.”

आणि त्याच बैठकीत तुम्ही शेरा लिहिलात, ‘काचेची उपकरणे अत्यंत काळजीपूर्वक हाताळतो.’ मी कायम झालो. पुढं तुम्हाला धूर गार लागायला लागला, तर तुम्ही म्हणालात, काच मुरली. जणू लोणचंच ते. निवृत्त होताना, डॉक्टरांनी ओढायला बंदी घातल्यावर, सगळ्या स्टाफसमोर तुम्ही तो पाइप मला दिलात, स्वतःच्या हातची वस्तू म्हणून. मी पाया पडलो. मला रडू आलं ते लोकांनी बघितलं, हसू आलं ते मान खाली होती म्हणून दिसलं नाही.

काल ही म्हणाली, “लिवा की आता सोताचं नाव. सर काय वरून मेमो धाडणार हायेत का?” लय वेळ पेन धरून बसलो. मग तुमचंच नाव लिहिलं आणि आज सकाळी कार्ड बाईंकडं देऊन आलो. हा कागद मात्र कुठं द्यायचा नाही, घरातच राहील.

एक गोष्ट तेवढी सांगायची राहिली. भीतीनं गप्प बसलो असं मी हिलाही सांगत आलो, पण कायम झाल्याचा कागद हातात पडला तेव्हाच भीती संपली होती. नंतरची सगळी वर्षं तुमच्याकडं पाहुणे आले की तुम्ही पाइप उजेडात धरायचात, हात बघा कारागिराचा म्हणायचात, आणि मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभा राहून ऐकायचो. त्यातला शब्द न् शब्द मी स्वतःकडं ठेवून घेतला, सर. माझ्या नावानं माझी एवढी तारीफ कुणी कधी केली नाही. खरं सांगितलं असतं तर तुम्ही मला माफ केलं असतं आणि तारीफ करायचं थांबवलं असतं.