बरणीतला ऑक्सिजन

मंगळवार, नोव्हेंबर १९९३, लखनौ

शर्टाला अजून अगरबत्तीचा वास येतोय. आज नववीवर माझा बी.एड.च्या परीक्षेचा पाठ होता. बरणीत ऑक्सिजन नक्की आहे ना, म्हणून वर्गाबाहेर झाकण सरकवून धुमसती अगरबत्ती आत धरली. भडकली! एकदा पुरे नव्हतं का? पुन्हा पाहिलं. मग आणखी एकदा. वर्गात मात्र नुसता धूर. मागून आवाज आला, "सरजी, प्रसाद भी मिलेगा?" सगळे हसले, परीक्षक मिश्राजी सोडून. नापास झालो तर घरी काय सांगू? शेवटी मुलांना खरं सांगितलं: तपासता तपासता ऑक्सिजन मीच संपवला. तासानंतर मिश्राजी गंभीरपणे म्हणाले, "पास कर दिया. अगली बार थोड़ी बच्चों के लिए भी छोड़ दीजिएगा."