सीटखालचा नारळ

१४ मे, बुधवार

ठरलं एकदाचं. मृणालीचा पहिल्या तिनात नंबर आला तर दोन वर्षं मी लग्नाचा विषय काढायचा न्हाय. न्हाय आला तर जिप्सी विकायची आन् गणेशपुरीचं स्थळ घरी बोलवायचं. पोरीने माझ्या हातावर हात मारला. नवरा मध्ये बसून हसत होता. मी म्हटलं, हसताय काय, साक्षीदार हाय तुम्ही!

तेवीस वर्षांची घोडी. शेतात गोदामं झाली, भाडं येतं, म्हणून बापाने जुनी जिप्सी घेऊन दिली. लोकांच्या पोरी सोनं मागतात. हिला माळावर धूळ उडवायची! घड्याळ लावून एकेकाने गाडी पळवायची, मध्ये पोलीस ठेवतात तसले कोन, त्यांना शिवायचं न्हाय. ह्याला म्हणे ऑटोक्रॉस. रविवारी हाय, इगतपुरीच्या पुढं.

१५ मे, गुरुवार

वज्रेश्वरीला जाऊन आली. एसटीत जाताना उभी, येताना उभी. देवीला सांगितलं — पोरीच्या हातापायाला काही होऊ देऊ नको. नंबराचं तुझं तू बघ. नारळ लाल फडक्यात बांधून आणला.

१७ मे, शनिवार

उन्हाच्या आधी निघालो. नवरा मागून घरच्या इको गाडीत — टायर, तांदळाच्या भाकऱ्या आन् जवळ्याची चटणी घेऊन. मी जिप्सीत पोरीजवळ. एसी न्हाय. पडघ्यापर्यंत कंटेनरच कंटेनर. नाकात नुसता धूर.

कसारा घाटात मी ओरडली, "ब्रेक मार! अगं ब्रेक!"

"आई, ब्रेक वळणाच्या आधी मारायचा. वळणात मारला की गाडी सुटते. आणि माझी मांडी सोड, काळीनिळी झाली."

सोडली. बापापेक्षा बरी चालवते. तिला बोलली न्हाय, लगेच डोक्यावर बसेल.

दुपारी माळावर गाड्या तपासल्या. टोपीवाला एक पोरगा म्हणे, "मावशी, गाडीत सुटं काही ठेवायचं नाही." पाण्याची बाटली काढली, पायपुसणी काढली. पुढचा गणपती पण उतरवला! मेल्याला देवाची भीती न्हाय.

रात्री लॉजवर. उशीला वास.

१८ मे, रविवार

टोपीवाला चहाला गेला तशी मी पोरीच्या सीटखाली नारळ सारला. घट्ट बसवला. देवाशिवाय कुणी गाडी पळवतं का?

ऊन असं की विचारू नका. माळावर एक झाड न्हाय. बायकांच्या गटात सात पोरी. माझ्या बाजूला नाशिकची एक बाई बसली, तिची क्षितिजा पण पळवणार होती. मोबाइल वर धरून सगळ्यांचं शूटिंग करत होती. "पहिल्यांदाच आलात का?" मी म्हटलं, "पहिल्यांदा आन् शेवटचं." हसली. "तुमच्या मुलीचं पण घेते, पाठवीन." नंबर घेतला माझा.

मृणालीची पाळी आली. नवरा तिच्या खिडकीपाशी उभा होता, शेवटचं काही सांगायला. मला एवढ्या लांबून नुसतं हेल्मेट दिसलं. झेंडा पडला. सुटली! पहिलं वळण काय घेतलं — मी कधी उभी राहिली मलाच कळलं न्हाय. शिट्टी पण मारली. नाशिकची बाई माझ्याकडेच बघत राहिली.

दुसऱ्या वळणाला गाडी भलतीकडे फेकली गेली. तीन कोन उडाले. सावरली, फेरी पुरी केली, पण उडालेल्या कोनाचा दंड वेळेत धरतात. पाचवी आली.

मी पळत गेली. समोरून नवरा आला, हातात लाल फडकं.

"चंद्रा, हा कुणाचा? ब्रेकखाली गेला होता."

मी फडकं ओढून पदराखाली घेतलं. मृणाली खाली बघून बुटाची धूळ झटकत होती. "जाऊ द्या पप्पा. आईने चांगल्यासाठीच ठेवला."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मेली असती पोर. माझ्या हाताने.

येताना मी इकोत बसली.

१९ मे, सोमवार

नारळ देव्हाऱ्यात ठेवला. त्याच्याकडे बघवत न्हाय.

२० मे, मंगळवार

मृणाली स्वतःच आली. "शब्द म्हणजे शब्द. बोलव गणेशपुरीवाल्यांना." आन् जिप्सी धुवायला लागली, उद्या गिऱ्हाईक येणार म्हणून. पाणी मारत होती आन् मध्येच बोनेटवर हात फिरवत होती, म्हशीला कुरवाळावं तशी.

नवऱ्याला विचारलं, काय करू? पेपरातून तोंड बाहेर काढलं न्हाय. "तूच ठरव बाई. शर्त तुझी, नारळ पण तुझा."

भाजी करपली.

२१ मे, बुधवार

गणेशपुरीला फोन केला. मुलाचे वडील, बाळारामशेठ, होते. म्हटलं, दोन वर्षं थांबा न्हायतर दुसरी बघा.

"मुलीत काही खोट हाय का?"

"मुलीत न्हाय. आईत हाय." आन् ठेवला.

मग नारपोलीचा माणूस आला गाडी बघायला. "आंटी, पेपर दिखाओ."

"नहीं बेचने की. चाय पियो और जाओ."

मृणालीने मागून येऊन गळ्यात हात टाकले. मी म्हटलं, लांब हो, घाम आलाय. पण हलकं वाटलं. रविवारपासून पहिल्यांदा पोटभर जेवली.

२३ मे, शुक्रवार

नाशिकच्या बाईने व्हिडिओ पाठवला. बोलल्याप्रमाणे.

गाडी सुटायच्या आधीचं पण हाय त्यात. खिडकीतून मृणालीचा हात बाहेर येतो. हातात लाल फडकं. नवरा घेतो, कपाळाला लावतो, पिशवीत घालतो. मग झेंडा पडतो.

तीनदा बघितला. दुसऱ्या वळणावर ब्रेकचा लाल दिवा लागतो तो पार वळणाच्या मध्ये.

संध्याकाळी दोघं ओटीवर चहा पीत होते. मी देव्हाऱ्यातला नारळ आणला, पायरीवर आपटून फोडला आन् विचारलं, "मृणे, ब्रेक वळणाच्या आधी मारायचा ना गं?"

नवऱ्याने बशी लेंग्यावर सांडली.

दोघांच्या हातात खोबरं ठेवलं. खा म्हटलं.